सीमेपलीकडची सेवा : डॉ. कोटणीस यांचे स्मरण आणि आपले कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडण्याचा दिवस. किती रुग्णांना औषध मिळाले, किती विद्यार्थ्यांचे शिक्षण पूर्ण झाले, कोणत्या दात्याने कोणत्या वर्षी उदार हस्ते साहाय्य केले, याची नोंद स्मरणिकेच्या पानोपानी होईल आणि ती व्हावयास हवी. परंतु दानाचा हिशेब केवळ रुपयांनी पुरा होत नाही. दान कोणापर्यंत पोहोचले आणि ते कोठे थांबले, हेही त्या हिशेबात धरावे लागते. म्हणून आजच्या प्रसंगी ‘आंतरराष्ट्रीय मानवसेवा’ हा विषय योजिला आहे. हा विषय ऐकताच जिनिव्हा, लंडन, न्यूयॉर्क अशी नावे डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात त्याचा एक उज्ज्वल अध्याय आपल्या सोलापुरातील भैय्या चौकातून सुरू होतो.

सेवेच्या विचाराचा उगम

आधुनिक काळातील आंतरराष्ट्रीय सेवाकार्याची सुरुवात एका व्यापाऱ्याच्या हातून झाली, ही गोष्ट व्यापारी समाजाने अवश्य ध्यानी घ्यावी. जिनिव्हाचे हेन्री ड्यूनाँ हे आपल्या उद्योगाचे काम घेऊन फ्रान्सच्या सम्राटास भेटावयास निघाले होते. वाटेत, 24 जून 1859 रोजी, उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे घनघोर लढाई झाली. हजारो जखमी सैनिक पाण्यावाचून, पट्टीवाचून पडलेले त्यांनी पाहिले. जवळच्या कास्तिल्योने गावातील स्त्रिया कोण आपल्या बाजूचा व कोण शत्रूचा हे न पाहता सर्वांची शुश्रूषा करू लागल्या. ‘सारे बंधूच आहेत’ असे त्या म्हणत. ड्यूनाँ आपले काम बाजूला ठेवून त्यांच्यात सामील झाले. 1862 साली त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले, 1863 साली जिनिव्हात समिती स्थापन झाली आणि 1864 साली अनेक राष्ट्रांनी पहिला जिनिव्हा करार मान्य केला. रेडक्रॉस ती हीच.

या कराराचे सार सोपे आहे. जखमी होऊन ज्याच्या हातातील शस्त्र गळून पडले, तो कोणत्याही सैन्याचा राहत नाही. तो फक्त माणूस उरतो. ड्यूनाँ यांचा धंदा पुढे 1867 साली बुडाला आणि त्यांची उत्तरायुष्याची अनेक वर्षे विपन्नावस्थेत गेली. 1901 साली शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक ज्या दोघांना विभागून मिळाले, त्यांत ते एक होते. व्यापारात त्यांचे नुकसान झाले, पण त्यांनी सुरू केलेले कार्य जगभर टिकले.

सोलापूर ते येनान

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूर येथे झाला. वडील गिरणीत नोकरीला होते. घर मध्यमवर्गीय, मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारे. द्वारकानाथ मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि पुढील पदव्युत्तर परीक्षेची तयारी करू लागले. घरातील सर्वांच्या आशा या मुलावर केंद्रित झाल्या असतील, हे वेगळे सांगावयास नको.

जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. 1938 साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. देशभर ‘चीन दिन’ पाळण्यात आला आणि लोकांकडून सुमारे 22,000 रुपयांचा निधी जमला. आज ही रक्कम लहान वाटेल. पण त्या वेळी भारत स्वतः पारतंत्र्यात होता, स्वतः दरिद्री होता. सोलापूरने 1930 साली मार्शल लॉ सोसला होता आणि 12 जानेवारी 1931 रोजी आपले चार हुतात्मे फासावर गेले होते. ज्याच्या स्वतःच्या पायात बेडी आहे, अशा देशाने दुसऱ्याच्या जखमेवर बांधण्यासाठी पट्टी पाठवली. या निधीचे खरे मोल त्यात आहे.

पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख. ते स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. त्या काळी आपल्याकडील घरांना चीन माहीत होता तो बहुधा दारावर चिनी रेशीम विकावयास येणाऱ्या फेरीवाल्यांमुळे. त्या अनोळखी देशात, युद्धाच्या तोंडी, अठ्ठावीस वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाला पाठवावयाचे! घरात काय घालमेल झाली असेल, याची कल्पना प्रत्येक आईबापाने करावी. तरी घराने संमती दिली. 1 सप्टेंबर 1938 रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघाले.

कँटन, हांकौ, चुंगकिंग अशी मजल करीत, फेब्रुवारी 1939 मध्ये हे पथक येनानला पोहोचले. त्याआधीच सोलापुरात वडिलांचे निधन झाल्याची वार्ता डॉ. कोटणीसांच्या कानी आली होती. घरी परतावे असे सहकाऱ्यांनी सुचविले. त्यांनी ते मानले नाही. हाती घेतलेले काम अर्धवट टाकावयाचे नाही असे ठरविले. हा निर्णय घराच्या दृष्टीने कठोर होता, हे नाकारून चालणार नाही. सेवेचा गौरव करताना त्या सेवेचे मोल घरातील माणसांनीही मोजलेले असते, हे समाजाने विसरू नये.

पाचांपैकी चौघे निरनिराळ्या वेळी, काही प्रकृतीच्या कारणाने, मायदेशी परतले. अखेरीस 1943 साली डॉ. बसू आले. डॉ. कोटणीस मात्र परतले नाहीत. 1939 च्या अखेरीस ते उत्तर चीनच्या आघाडीकडे गेले. 1940 सालच्या मोठ्या मोहिमेत त्यांनी एकदा सलग 72 तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि तेरा दिवसांत 800 च्या आसपास जखमींवर उपचार केले. रुग्णालय म्हणजे खेड्यातील मातीची घरे. नाकेबंदीमुळे औषधांची चणचण. जखमेवर बांधलेल्या कापडाच्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापराव्या लागत. सोलापूरच्या कापडपेठेत आपण ताग्यावर तागे उलगडतो. तेथे वीतभर स्वच्छ कापडाला जीवाचे मोल होते.

त्याच भागात कॅनडाचे विख्यात शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी बोट कापले जाऊन विष रक्तात भिनले आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी 1941 मध्ये डॉ. कोटणीसांकडे आले. ते चिनी भाषा बोलावयास व वाचावयास शिकले, तेथील तरुणांना वैद्यक शिकवू लागले, शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहू लागले. 1941 साली तेथील परिचारिका-शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट 1942 मध्ये पुत्र झाला; त्याचे नाव ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. अपस्माराच्या तीव्र झटक्यांनी 9 डिसेंबर 1942 रोजी डॉ. कोटणीसांचे देहावसान झाले. वय अवघे बत्तीस. पाठ्यपुस्तक अपुरे राहिले. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता.

एक रास्त शंका

येथे अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. डॉ. कोटणीसांनी एका लढणाऱ्या सैन्याबरोबर राहून काम केले, आणि 1942 साली ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले. मग ही सेवा निर्मळ कशी म्हणावयाची?

या शंकेला दोन अंगांनी उत्तर देता येते. पहिले असे, की शस्त्रक्रियेच्या मेजावर आलेला देह युद्ध करीत नसतो. आपल्या शास्त्रकारांनी आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले. जखमीला दिलेले औषध हे औषधदान आहे आणि तुला येथे कोणी मारणार नाही हा दिलासा अभयदान आहे. ते घेणाऱ्याचा गणवेश पाहावा असे कोठेही सांगितलेले नाही. दुसरे अंग अधिक विचार करावयास लावणारे आहे. रेडक्रॉसचा मार्ग तटस्थतेचा. कोणाची चूक हे ती विचारीत नाही. डॉ. कोटणीस व त्यांना पाठविणारे मात्र ज्याच्या घरावर आक्रमण झाले त्याच्या बाजूला उभे राहिले. दुःख निवारण करणे ही करुणा. दुःख कोणत्या अन्यायातून आले हे पाहणे हा न्याय. या दोन्हींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न जगातील प्रत्येक सेवासंस्थेपुढे उभा राहिला आहे. डॉ. कोटणीसांच्या राजकीय मताशी कोणी सहमत असो वा नसो, करुणा व न्याय या दोहोंची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने चुकती केली, हे सर्वांना मान्य करावे लागेल.

करुणा आणि न्याय

ज्या 1942 साली डॉ. कोटणीस गेले, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे काही नागरिक एका चर्चमध्ये एकत्र आले. जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांनी व्यापलेल्या ग्रीसमध्ये लोक उपासमारीने मरत होते आणि इंग्लंड व मित्रराष्ट्रांच्या सागरी नाकेबंदीमुळे तेथे धान्य जाणे कठीण झाले होते. या नागरिकांनी निधी तर जमविलाच, शिवाय भुकेल्यांपर्यंत अन्न जाऊ द्या, असा आग्रह ऐन युद्धात स्वतःच्याच सरकारकडे धरला. त्या समितीची पुढे ‘ऑक्सफॅम’ ही जगप्रसिद्ध संस्था झाली. 1951 साली बिहारच्या दुष्काळात तिने भारताला मदत केली.

न्यायाचा हा विचार सोलापूर जिल्ह्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही. 1972 चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन माणसांनी दिवस काढले. ती मदत मोलाची होती. पण लोकांना खरे तगवले ते रोजगाराच्या कामांनी. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ 50 लाख माणसे खडी फोडणे, बांध घालणे, तलाव खोदणे अशा कामांवर होती. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला 1977 साली महाराष्ट्राने कायद्याचे रूप दिले. भुकेल्याला ताट देणे हे दान. ‘मला काम द्या’ असे म्हणण्याचा हक्क देणे हा न्याय. ताटाने एक वेळ भागते. हक्काने माणूस ताठ मानेने उभा राहतो.

मदत दारी आली तेव्हा

सेवेची वाट एकेरी नसते. ज्या सोलापूरचा पुत्र दूरदेशी सेवेसाठी गेला, त्याच परिसरावर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे संकट कोसळले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणेश विसर्जन आटोपले होते, आपल्या दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला आणि दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. जखमींना सोलापूरच्या रुग्णालयातही आणण्यात आले. देशातून आणि परदेशांतून माणसे, तंबू, औषधे, पैसा यांचा ओघ लागला. मदत करणाऱ्यांनी जात, पंथ वा भाषा विचारली नाही.

त्या वेळी श्री. शांतीलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1200 मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. ही मुले आपल्या समाजाची नव्हती. संघटनेच्या नावात ‘जैन’ आहे, पण मुलांची निवड करताना ती कोणाची हे पाहिले गेले नाही. शिवाय तंबू आणि धान्य वाटून परत न येता, मुले शिकून स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंतची वर्षे संघटनेने अंगावर घेतली. आपल्या समाजाच्या अलीकडच्या इतिहासातील हे पान अभिमानाने सांगावे असे आहे.

आपल्या सीमा कोणत्या?

आता ट्रस्टच्या कार्याकडे वळू. येथून परदेशात मदत पाठविणे सोपे नाही. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेला आयकरात सर्वसाधारणपणे सवलत मिळत नाही. परदेशातून देणगी घ्यावयाची तर वेगळी सरकारी नोंदणी लागते. पण सोलापूरच्या ट्रस्टला ओलांडावयाच्या सीमा देशाच्या नकाशावर नाहीतच. त्या आपल्या गावात आहेत. बाळीवेशीपासून पूर्वभागात जावयास फार वेळ लागत नाही. तेथे यंत्रमागावर दिवसरात्र राबणारे तेलुगू भाषिक विणकर आहेत, घरोघरी विड्या वळणाऱ्या माताभगिनी आहेत. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांच्या जोरावर ज्या पेठा उभ्या राहिल्या, त्या चादरीचा धागा त्यांच्या बोटांतून गेलेला आहे. तंबाखूच्या धुळीने त्यांना खोकला जडतो, मागाच्या खडखडाटाने कान बधिर होतात. त्यांच्या मुलाला आपल्या औषधालयात, आपल्या शिष्यवृत्तीच्या यादीत जागा आहे काय?

अनेक समाजांच्या ट्रस्टच्या घटनेत ‘समाजातील गरजूंसाठी’ असे शब्द असतात. ते ज्या काळात लिहिले गेले, तेव्हा त्यामागे आपुलकी होती. समाज लहान होता, साधने थोडी होती. त्या पूर्वजांचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. स्वजनांची काळजी घेणे हा दोष नव्हे. परंतु पन्नास वर्षांनंतर साधने वाढली असतील, तर ‘समाज’ या शब्दाची व्याप्तीही वाढावी की नाही, याचा विचार या मंगल वर्षी व्हावा.

डॉ. कोटणीसांच्या जीवनातून अशा कार्यासाठी चार गोष्टी घेता येतात. पहिली, पैशाबरोबर माणूस द्यावा. 22,000 रुपयांचा हिशेब केव्हाच संपला, पण एका माणसाने दिलेली चार वर्षे अजून आठवतात. आपल्या समाजातील डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांनी आठवड्यातून दोन तास दिले, तरी लाखाच्या देणगीहून ते मोठे ठरतील. दुसरी, ज्याची सेवा करावयाची त्याची भाषा शिकावी. तिसरी, आपल्यामागे काम चालविणारी माणसे तेथेच तयार करावीत, डॉ. कोटणीसांनी विद्यार्थी घडविले म्हणून त्यांच्या मृत्यूने रुग्णालय बंद पडले नाही. चौथी, औषध देताना आजाराचे कारणही विचारावे. दरवर्षी त्याच वस्तीतील तीच मुले त्याच आजाराने औषधालयात येत असतील, तर बाटली देऊन थांबू नये. तेथील पाणी, तेथील हवा, तेथील मजुरी याकडेही पाहावे आणि गरज पडल्यास त्याविषयी महापालिकेचे दार ठोठवावे.

स्मरण आणि संकल्प

चीनमधील शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत डॉ. बेथ्यून आणि डॉ. कोटणीस या दोन परदेशी डॉक्टरांची स्मारके आहेत. 1946 साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. डॉ. बसूंनी पुढे चीनमध्ये सुईउपचार शिकून घेतला, तो भारतात आणला आणि कोटणीसांच्या नावाची स्मृतिसमिती 1973 साली पुन्हा उभी केली. चीनला दिलेले औषध अशा रीतीने व्याजासह परत आले. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना 1967 साली अकाली गेला. ग्वो छिंगलान 2012 पर्यंत हयात होत्या. याच वर्षाच्या प्रारंभी सोलापुरात डॉ. कोटणीसांच्या जन्मघरी स्मारकाचे उद्घाटन झाले. मधल्या काळात 1962 चे युद्ध झाले, 2020 साली गलवान खोऱ्यात आपले जवान धारातीर्थी पडले. दोन राष्ट्रांचे संबंध कितीदा बिघडले, तरी चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना आदराने भेटत आले. सरकारांचे करार मोडतात. पण रोग्याच्या उशाशी जागून काढलेली रात्र पिढ्यान्पिढ्या लोकांच्या स्मरणात राहते.

बंधू-भगिनींनो, भैय्या चौकातील ते घर आपल्यापैकी कित्येकांनी आतून पाहिलेले नसेल. या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या युवक मंडळाने मुलांना एकदा तेथे न्यावे. आणि परतताना, जेथे आपल्या ट्रस्टचे नावही कोणी ऐकलेले नाही अशा पूर्वभागातील एखाद्या वस्तीत त्यांना घेऊन जावे. पुढील पन्नास वर्षांच्या ताळेबंदाचे पहिले पान तेथे लिहिले जावो, हीच भगवान महावीरांच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.